एकाच काजूचे दोनदा पैसे

९,३६० रुपये गेले. त्यातले ४,६८० ऑनलाइन आणि ४,६८० रोख, एकाच मालाचे. हातात पडले ते सहा किलोंच्या नावाखाली ४ किलो ९१० ग्रॅम काजू, तेही वरचा थर सोडला तर तुकडा. गोव्यात, बार्देश तालुक्यातल्या एका रात्रीच्या बाजारात, ऐन डिसेंबरात. बाजाराचं नाव मुद्दाम देत नाही. ही माणसं आज इथे तर उद्या तिथे मांड मांडतात. नाव वाचून तुम्ही तेवढा एक बाजार टाळाल आणि दुसऱ्यात जाऊन फसाल.

मी पर्यटक नाही, हे आधीच सांगते. ज्याला ज्याला ही गोष्ट सांगितली, त्याने 'टुरिस्ट समजून गंडवलं असेल' असंच ऐकवलं. मी पर्वरीला राहते. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातून पावसाआधीचं पुरुमेंत (पावसाळ्याची साठवण) भरते, हरमलची मिरची आणि तिच्या नावावर खपवलेली बाहेरची मिरची यांतला फरक मला कळतो, मयड्याची केळी कुठे बसून कोण विकते ते माहीत आहे. तरीही फसले. म्हणूनच लिहितेय.

ताई आणि भाऊजी कोल्हापूरहून आले होते. भाचीचं लग्न जानेवारीत, व्याह्यांकडे द्यायला गोव्याचे काजू हवे होते. म्हापशाचं आमचं नेहमीचं दुकान रात्री बंद, आणि ते दोघं रविवारी पहाटेच निघणार होते. ताईला रात्रीचा बाजार बघायचाच होता. तिथे गाणी, दिवे, रस-ऑम्लेटचा वास, चोरीस-पावाच्या (गोव्याचं सॉसेज घातलेला पाव) गाड्यांपुढे रांगा, मधोमध कपड्यांचे आणि चांदीच्या दागिन्यांचे स्टॉल. काजूचे स्टॉल सात-आठ तरी होते. आम्ही थांबलो तो सगळ्यांत नीटनेटका होता.

पुढे स्टीलच्या ट्रेमध्ये भाजलेले काजू, गरम. मुलगा चिमट्याने एकेक उचलून हातावर ठेवत होता. दाणा मोठा, पांढरा, गोडसर. भाव ७८० रुपये किलो. आमच्या दुकानात त्या प्रतीचा माल हजाराच्या वर जातो, हे मला माहीत होतं आणि मी ते विचारलंही. 'मावशी, आमचा स्वतःचा कारखाना आहे, मधला माणूस नाही,' असं उत्तर आलं. गोव्यात काजूचे कारखाने आहेत, ते थेट विकतातही, त्यामुळे यात खोटं वाटण्यासारखं काही नव्हतं. त्याने आकडेही बरोबर सांगितले: हा २४० नंबर, तो ३२०. पौंडात किती दाणे बसतात त्यावरून ही प्रत ठरते, आकडा जितका लहान तितका दाणा मोठा. ज्याला एवढं ठाऊक, तो धंद्यातला माणूस असणार, असंच कुणीही धरेल.

मग तो म्हणाला, 'सील मारून आणतो, सहा महिने काही होणार नाही.' ट्रे घेऊन पोरगा मागच्या पडद्याआड गेला आणि सहा खोके घेऊन आला. सोनेरी नारळाचं झाड, समोर पारदर्शक खिडकी, खिडकीतून अख्खे पांढरे काजू दिसताहेत. तोललं कुणी, कधी, कशावर? पडद्याआड. वजनकाटा पुढे टेबलावर होता आणि त्याला कुणी हात लावला नाही.

आता ज्या क्षणावरून माझी अजून झोप उडते, तो सांगते.

मी क्यूआर कोड स्कॅन केला. पिन टाकण्याआधी स्क्रीनवर नाव येतं. स्टॉलच्या पाटीवर 'अमुक अँड सन्स' होतं, फोनवर भलत्याच एका बाईचं नाव. मी ते वाचलं. डोळ्यांनी नीट वाचलं, आणि तरी पिन टाकला. का? कारण इथल्या बाजारात नाव कधीच जुळत नाही. मासळीवालीच्या कोडवर तिच्या मुलाचं नाव असतं, भाजीवालीच्या कोडवर जावयाचं, चहावाल्याच्या कोडवर मालकाच्या बायकोचं. रोज दहा ठिकाणी वेगळं नाव बघून पैसे देणाऱ्या बाईने नेमकं तिथेच कसं थांबायचं? त्यांना ही सवय पक्की माहीत आहे, आणि त्यावरच त्यांचा धंदा चालतो.

माझ्या फोनवर हिरवी खूण आली. त्याचा स्पीकर गप्प. त्याने स्वतःचा फोन दाखवला: आलेल्या पैशांत आमचे नाहीत. 'रेंज नाही इथे, पैसे मध्येच अडकलेत, दोन दिवसांत तुमच्याच खात्यात परत येतील. आता रोख द्या, मावशी, माझ्या मालकाला हिशेब द्यायचाय.' मागे माणसं खोळंबलेली, ताईचा चेहरा उतरलेला. मी बोलायच्या आत भाऊजींनी ४,७०० काढून दिले. पाहुण्याच्या खिशातून! त्याने २० रुपये परत दिले, दोन्ही हातांनी, कपाळाला लावून. त्या वीस रुपयांमुळे भाऊजींना तो प्रामाणिक वाटला.

कोल्हापूरला पोचल्यावर ताईने एक पाकीट फोडलं. खिडकीपुरता अख्ख्या काजूंचा एक थर आणि मागे चुरा-तुकडा, खवट. दुसरंही तसंच. न फोडलेली पाकिटं आणि आधी तोलून मग फोडलेली ही दोन, असं सगळं मिळून कोपऱ्यावरच्या किराणावाल्याच्या काट्यावरही ४ किलो ९१० ग्रॅमच भरलं. १ किलो ९० ग्रॅम कमी, म्हणजे ७८० च्या भावाने ८५० रुपये नुसत्या मापात मारले. २०२३ मध्ये गोव्याच्या काजूला भौगोलिक मानांकन मिळालं. इथले शेतकरी आणि कारखानदार त्यासाठी झगडले, आणि इथे कुठला तरी जुना माल गोव्याच्या नावाने व्याह्यांच्या घरात जाणार होता. ताई मला काही बोलली नाही, याचंच मला जास्त लागलं.

अडकलेले पैसे अर्थात परत आले नाहीत. अडकलेच नव्हते. बँकेत गेले तर काउंटरवरचा माणूस स्टेटमेंट बघून म्हणाला, 'व्यवहार यशस्वी आहे, पिन तुम्हीच टाकलाय, आम्ही काय करणार?' ज्या खात्यात गेले ते थोपवा, म्हटलं. ते दुसऱ्या बँकेचं, तिकडे पोलिसांचं पत्र लागतं. बरं, मग पोलीस. पहिल्या ठाण्यात हद्द आमची नाही. दुसऱ्या ठाण्यात बराच वेळ बाकड्यावर बसवलं आणि मग, 'बाये, चार हजारांखातीर एफआयआर?' चार नव्हे, नऊ हजार तीनशे साठ, असं मी म्हटलं. तर रोख दिलेल्याचा पुरावा मागितला. पुढे प्रश्न असा की लिंक आली होती का, ओटीपी कुणाला सांगितला का? नाही. मग हा सायबर गुन्हा नाही, दुकानदाराशी वाद आहे. कमी वजनाची तक्रार घेऊन एका सरकारी कार्यालयात गेले, तिथे बिल मागितलं. बिल म्हणजे माझ्याकडे आकडा लिहिलेली चिठ्ठी! साहेब दौऱ्यावर, सोमवारी या. सोमवारी सुट्टी. बाजार भरवणारे म्हणतात, आम्ही जागा भाड्याने देतो, मालाशी आमचा संबंध नाही. प्रवेशाचे पैसे घेताना, पार्किंगचे घेताना संबंध असतो. कुठल्या स्टॉलला कुणाचं ओळखपत्र घेऊन जागा दिली, एवढा एक कागद दाखवायला त्यांना काय जड होतं? पुढच्या शनिवारी तिथे चपलांचा स्टॉल होता.

या सगळ्यांना मिळून एकच गोष्ट हवी असते: बाई कंटाळून घरी जावी. मी जाणार नाही.

तुमच्यासाठी सांगते. काजू डोळ्यांसमोर ट्रेमधून काढून, डोळ्यांसमोर तोलून, साध्या पिशवीत घ्या. सुंदर खोका नकोच. काट्यावर पडताळणीचा शिक्का आहे का बघा, इलेक्ट्रॉनिक काटा दरवर्षी तपासून घ्यावा लागतो. बंद पाकीट असेल तर त्यावर पॅक करणाऱ्याचा पत्ता, निव्वळ वजन, महिना, कमाल किंमत आणि अन्न परवान्याचा १४ आकडी क्रमांक हवा. आमच्या खोक्यावर झाडाचं चित्र सोडून काही नव्हतं. 'पैसे आले नाहीत' म्हणाला आणि तुमच्या फोनवर यशस्वी दिसतंय, तर रोख अजिबात देऊ नका. माल तिथेच ठेवा आणि निघा. मागची रांग गेली खड्ड्यात. स्टॉलचा, पाटीचा, कोडचा फोटो काढा, कुणी भांडलं तर भांडू द्या. फसल्याचं कळलं की लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा, सकाळची वाट बघू नका, कारण पैसे त्या खात्यातून पुढे सरकले की थोपवायला काही उरत नाही. मापाच्या आणि मालाच्या तक्रारीला १९१५ ही ग्राहक हेल्पलाइन आहे.

आता जिल्हा ग्राहक आयोगात अर्ज करतेय. पाच लाखांपर्यंतच्या दाव्याला शुल्क लागत नाही, हे मला त्या सगळ्या कचेऱ्यांतल्या एकानेही सांगितलं नाही. चार सीलबंद पाकिटं ताईने कुरियरने परत पाठवली आहेत, ती तशीच ठेवली आहेत. डिसेंबरात सोनेरी नारळाच्या झाडाच्या खोक्यातले काजू तुम्हीही घेतले असतील, तर खोका फेकू नका. आधी तोला, फोटो काढा, बँकेतून व्यवहाराचा यूटीआर क्रमांक (त्या व्यवहाराचा ओळख क्रमांक) लिहून घ्या आणि स्क्रीनवर कुठल्या बाईचं नाव आलं होतं ते तपासा. नाव तेच निघालं तर तुमचाही अर्ज येऊ द्या, म्हणजे पुढच्या वेळी ठाण्यात 'चार हजारांखातीर' असं कुणाला म्हणता येणार नाही.