रेड लाइन ७५डब्ल्यू९० एनएस आणि वेगळी मॉडिफायरची बाटली: मागच्या एक्सलसाठी मी हीच जोडी का घेतो

लिमिटेड स्लिप डिफरन्शियल (एक मागचं चाक घसरलं तरी दुसऱ्यालाही जोर पोचवणारा, एक्सलमधला गिअरसंच) असलेल्या पिकअपमध्ये नुसतं 'नव्वद नंबर' गिअर ऑइल ओतून भागत नाही, एवढं बहुतेकांना ठाऊक असतं. घोळ त्यापुढे होतो. बाजारात दोन तऱ्हेचा माल आहे. एकात फ्रिक्शन मॉडिफायर, म्हणजे घर्षण बदलणारं द्रव्य, आधीच मिसळलेला असतो, दुसरं कोरं गिअर ऑइल असतं आणि मॉडिफायर आपण घालायचा. रेड लाइन दोन्ही बनवते: नुसतं ७५डब्ल्यू९० म्हणजे मिसळलेलं, पुढे 'एनएस' लागलं की कोरं. मी दोन्ही घालून पाहिली आहेत. आता कोरंच घेतो आणि त्यांचीच मॉडिफायरची छोटी बाटली सोबत.

माझी गाडी कामाची आहे. मागे क्लच प्लेटवाला डिफरन्शियल, ट्रेलर ओढायचा, पावसाळ्यात चिखलाच्या वाटेने जायचं. म्हणजे मला प्लेटांची पकडही हवी आणि अवघड वळणावर मागून येणारी थडथडही नको. या दोन मागण्या एकमेकींच्या विरुद्ध आहेत आणि निवडीची सगळी मारामारी इथेच आहे.

प्लेटा कोरड्या नसतात, तेलात बुडून काम करतात. गाडी वळते तेव्हा बाहेरचं चाक जास्त फिरतं, आतलं कमी, आणि तेवढा फरक या प्लेटांनी एकमेकींवरून घसरून भरून काढायचा असतो. साध्या जीएल-५ (एक्सलच्या जड गिअरसाठीचा दर्जा) तेलात थांबलेल्या प्लेटांमधलं घर्षण हलत्या प्लेटांपेक्षा जास्त असतं. मग त्या चिकटतात, झटक्यात सुटतात, पुन्हा चिकटतात. तीच थडथड. मॉडिफायरचे रेणू प्लेटेच्या पृष्ठभागाला धरून बसतात आणि हा सुरुवातीचा चिकटपणा काढून टाकतात. काम एवढंच. गिअरचे दात त्याने मजबूत होत नाहीत, तेलाचं आयुष्य वाढत नाही. दातांची काळजी जीएल-५ मधली गंधक-फॉस्फरसची रसायनं घेतात. उघडल्या उघडल्या नाकात जातो तो वास त्या गंधकाचाच. (हेच तेल ज्या गिअरबॉक्सला जीएल-४, म्हणजे सौम्य दर्जाचं तेल, सांगितलंय त्यात ओतू नका, गिअर जुळवणाऱ्या पितळी कड्या (सिंक्रोनायझर) खराब होऊ शकतात.)

आता कोरं का, ते. मॉडिफायर जास्त झाला की प्लेटा फारच सहज घसरायला लागतात. वळणं मुलायम होतात, आवाज जातो, मालक खूश. आणि चिखलात एक चाक जागच्या जागी गरगरत बसतं, दुसरं ढिम्म. मिसळलेल्या तेलात मात्रा कंपनीने ठरवलेली असते. ती बहुतेक गाड्यांना चालते, पण माझ्या प्लेटांना जरा जास्त वाटली. तो दोष तेलाचा म्हणणार नाही, गाडी रोज गुळगुळीत रस्त्यावर चालणार असती तर मी तेच ठेवलं असतं. कोऱ्या तेलात मात्र हात आपल्याकडे राहतो. एक्सलला सांगितलेल्या मात्रेपेक्षा कमीपासून सुरुवात करायची, थडथड उरली तर थोडा वाढवायचा, ती थांबली की आपणही थांबायचं. मिसळलेल्या तेलातून मॉडिफायर परत बाहेर काढता येत नाही, आणि त्यावर 'असू द्या जरा' म्हणून आणखी बाटली ओतणारे तर महाभागच.

तेल बदलताना बघायच्या दोन-तीन गोष्टी. भरायचा बोल्ट आधी सैल करून पाहायचा, मगच जुनं तेल काढायचं. तो गंजून बसला असेल आणि तेल काढून झालं असेल तर गाडी तिथेच अडकली. बऱ्याच एक्सलना खाली ड्रेन नसतोच, मागचं कव्हर उघडावं लागतं. माझंही तसंच. ते एका अर्थी बरं, कारण क्राऊन-पिनियनचे (एक्सलमधल्या मुख्य गिअरजोडीचे) दात डोळ्यांनी दिसतात आणि तळाचा गाळ पुसता येतो. चुंबकावर करडी, मलमासारखी बुकणी असेल तर चिंता नाही. बोटाला टोचणारा तुकडा लागला तर तेलाचा विचार बाजूला ठेवा. तेल दुधाळ दिसलं तर पाणी शिरलंय, ब्रीदर (एक्सलची हवा जाण्या-येण्याची वाट) तुंबलाय का ते आधी बघा.

आणि मॉडिफायर पहिल्यांदा घाला, तेल नंतर. तेल भरायच्या भोकाच्या खालच्या कडेपर्यंत भरायचं असतं. आधी तेल भरलं तर बाटलीला जागाच उरत नाही, अर्धी एक्सलवरून ओघळते. नंतर वाढवायचा असेल तर तेवढं तेल पिचकारीने काढून घ्या. मग मोकळ्या जागी हळूहळू इंग्रजी आठचे आकडे काढायचे, म्हणजे ते प्लेटांच्या आत पोचतं. निघाल्याबरोबर थडथड आली म्हणून घाबरू नका, दोन-चार फेऱ्यांत ती बरीच उतरते.

ग्रेडबद्दल थोडक्यात. ९० ग्रेडच्या तेलाचा घट्टपणा १०० अंश सेल्सिअसला १३.५ ते १८.५ सेंटिस्टोक्स (घट्टपणा मोजायचं एकक) असतो, १४० ग्रेडचा २४ ते ३२.५. फरक मोठा आहे. पुस्तिकेत ७५डब्ल्यू-१४० लिहिलं असेल, जसं फोर्डच्या काही पिकअपच्या मागच्या एक्सलला असतं, तर तेच घाला. माझ्या एक्सलला ९० सांगितलंय, ट्रेलर असूनही मी ते बदललेलं नाही.

हे सगळं प्लेटवाल्यांसाठी. ईटनचा डेट्रॉइट ट्रूट्रॅक तिरप्या दातांच्या गिअरवर चालतो, त्यात प्लेटा नाहीतच. त्याची पकड घर्षणावरच असल्यामुळे कंपनी मॉडिफायर नको म्हणते, आणि तेलही साधं खनिज सुचवते. जीएमच्या पिकअपमधला जी८० हा लॉकर आहे, म्हणजे चाक घसरलं की दोन्ही चाकं एकत्र जखडणारा, त्यातही बाटली घालायची नाही. आपल्याकडे काय आहे ते एक्सलवरच्या पट्टीवरून किंवा पुस्तिकेतून काढा. दोन्ही मागची चाकं उचलून, न्यूट्रलमध्ये एक चाक हाताने फिरवून पाहायची युक्ती प्लेटांचा डिफरन्शियल ओळखायला ठीक आहे: दुसरं चाक त्याच दिशेला फिरलं तर बहुधा प्लेटा आहेत आणि धरताहेत. उलट फिरलं म्हणून मात्र साधाच आहे असं धरू नका, जी८० पण तसाच वागतो.

तेल ताजं, मात्रा बरोबर, आणि तरी चिखलात एकच चाक फिरतंय? मग प्लेटांची पकड मोजा. एक मागचं चाक उचला, दुसरं जमिनीवर पाचर लावून पक्कं, गाडी न्यूट्रल, हँडब्रेक सोडलेला, आणि उचललेल्या चाकाच्या हबवर टॉर्क पाना लावून ते फिरवायला किती जोर लागतो ते पुस्तिकेतल्या आकड्याशी ताडा. या वेळी इंजिन अजिबात चालू करायचं नाही, गिअर पडला तर जमिनीवरचं चाक गाडीला जॅकवरून पुढे ढकलतं. आकडा बराच कमी आला तर प्लेटा संपल्या आहेत. पैसे त्यांच्यात घाला, बाटली दुकानातच राहू दे.