स्विफ्टचे शॉकअप बदलून अकरा महिने: आधी चुकलेला जोड, मग बरोबर जोड

गाडी 2014 ची स्विफ्ट डिझेल, व्हीडीआय. राहायला कराड, माहेर चिपळूण. महिन्यातून एकदा तरी पाटण, कोयनानगर, हेळवाक करत कुंभार्ली घाट उतरते, दुसऱ्या दिवशी परत चढते. चालवते मीच. दिवाळीनंतर, नोव्हेंबर 2024 मध्ये चारही शॉकअप, म्हणजे चाकांची उसळी आवरणारे शॉक अ‍ॅब्सॉर्बर, बदलले. त्यानंतर गाडी 13,800 किलोमीटर धावली, मधे एक पूर्ण पावसाळा गेला. आता लिहायला हरकत नाही असं वाटतं, कारण बसवल्यावर पहिल्या आठवड्यात कुठलाही नवा शॉकअप छानच वाटतो.

सुरुवात कशी झाली ते सांगते. 92,000 किलोमीटरच्या आसपास गाडी बदलल्यासारखी वाटायला लागली. गतिरोधकावरून उतरली की एकदा खाली, एकदा वर, परत एकदा खाली. घाटात उतारावर ब्रेक दाबला की नाक जमिनीला टेकवल्यासारखी पुढे झुकायची. वळणावर एखादा खड्डा आला की मागचं चाक क्षणभर रस्ता सोडून बाजूला सरकल्यासारखं व्हायचं, आणि मला भीती वाटली ती याचीच. आई मागे बसलेली असायची, कंबरेचं दुखणं आहे तिला, ती काही बोलायची नाही, पण पोफळी गाव आलं की पाठीमागची उशी सरळ करायची.

टायर बघितले तेव्हा उलगडा झाला. पुढच्या डाव्या टायरवरून तळहात फिरवला तर पन्हाळी पत्र्यावरून हात फिरवावा तसे उंचवटे आणि खोलगट भाग हाताला लागले. चाक रस्त्यावर टेकून न फिरता सारखं उसळत राहिलं की टायर असा तुकड्यातुकड्याने झिजतो. हवा कमी-जास्त असेल किंवा अलाइनमेंट (चाकांचे कोन) बिघडलं असेल तर झीज कडेला किंवा मध्ये सलग होते. हा फरक मला आधी माहीत असता तर दोन वेळा अलाइनमेंटला पैसे घातले नसते.

आमच्या मेकॅनिक काकांकडे गेले. त्यांनी जॅकवर गाडी घेतली आणि आधी शॉकअपला हातच लावला नाही. चाकाजवळचे जोडणारे भाग आधी तपासले: लिंक रॉड हलवून पाहिला, लोअर आर्मचे बुश (सांध्यातली रबरं) पाहिले, बॉल जॉइंट पाहिला. म्हणाले, "ताई, शॉक गेला म्हणून सगळे येतात. निम्म्यांचा लिंक रॉड गेलेला असतो." माझ्या गाडीचा लिंक रॉड ठीक निघाला. मग त्यांनी डाव्या चाकाच्या आत टॉर्च मारला. शॉकअपच्या नळीवर तेल आणि लाल माती मिळून काळपट लेप बसला होता, बोटाने खरवडला तर खाली ओलं. नुसता घाम आल्यासारखा पातळ थर असेल तर चालतं, नळीच्या तोंडाच्या सीलमधून रॉडबरोबर (आत-बाहेर होणाऱ्या दांडीबरोबर) थोडं तेल येतच असतं. धार लागल्यासारखं ओघळलेलं असेल तर तो गेला.

बॉनेटचा कोपरा दाबून सोडायची परीक्षा सगळ्यांना माहीत असते. माझ्या गाडीचा गळणारा डावा कोपरा त्या परीक्षेत पास झाला होता! जुने रबर बुश आणि माउंटिंग (शॉकअपचं वरचं टोक गाडीला बसवणारा रबरी भाग) आवळून धरतात, त्यामुळे हळू दाबल्यावर गाडी लगेच स्थिर होते. रस्त्यावर चाक सेकंदाला कितीतरी वेळा उसळतं, तिथे खरं कळतं. तेव्हा त्या परीक्षेवर विसंबू नका, खाली वाकून बघा.

आता चूक. त्याआधी, ऑगस्टच्या शेवटी, गणपती तोंडावर आलेले, गौरी-गणपतीला चिपळूणला जायचंच होतं. घाईत एका दुकानातून "स्विफ्टचे पुढचे दोन शॉकअप द्या" म्हणून घेतले. दुकानदाराने गाडी डिझेल की पेट्रोल हे विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही. काका तेव्हा गावी होते, दुसऱ्या गॅरेजमध्ये बसवून घेतले. बसले बरोबर, नटबोल्ट लागले, काहीच अडलं नाही. पण घाटात पहिल्याच उतारावर कळलं. ब्रेकला नाक पहिल्यासारखंच झुकत होतं आणि मोठ्या खड्ड्यात आतून ठक्क असा कोरडा आवाज येत होता. काका परत आल्यावर त्यांनी खोक्यावरचा नंबर बघितला आणि मान हलवली. पेट्रोलच्या गाडीचे होते. डिझेल इंजिन जड, दोन्ही गाड्यांच्या वजनात जवळपास शंभर किलोंचा फरक आणि तो बहुतेक पुढच्या चाकांवर येतो. स्प्रिंग त्या वजनाची, आणि शॉकअपच्या आतल्या व्हॉल्व्ह त्या स्प्रिंगला आवरतील अशा बसवलेल्या. मिसळ केली की हिशेब बिघडतो. दुकानाने "बसवलेला माल परत नाही" म्हणून हात वर केले. पैसे गेले, त्याहून वाईट म्हणजे ऐन पावसात आईला घेऊन दोन वेळा त्या गाडीने घाट उतरले.

नवीन घ्यायच्या आधी मी हे यंत्र काय करतं ते नीट समजून घेतलं. गाडीचं वजन शॉकअप उचलत नाही, ते स्प्रिंग उचलते. स्प्रिंग दाबली गेली की ती उसळणार, परत दाबली जाणार, आणि तिला थांबवायचं काम शॉकअपचं. आत तेल असतं, दट्ट्याला बारीक भोकं आणि व्हॉल्व्ह असतात, तेल त्यातून जबरदस्तीने जातं आणि उसळीची ताकद उष्णता होऊन नळीवाटे बाहेर पडते. म्हणून खराब रस्त्यावर तासभर चालवून हात लावला तर शॉकअप गरम लागतो. सारख्या घुसळण्याने तेलाला फेस येतो, फेसाला भोकातून जायला काही अडत नाही, आणि शॉकअप तात्पुरता निकामी होतो. तो फेस कमी व्हावा म्हणून आत नायट्रोजन भरतात. "गॅस शॉकअप" म्हणतात तो हाच. तेल त्यातही असतंच, गॅस त्याच्या जोडीला.

पुढे मॅकफर्सन स्ट्रट आहे, अर्ल मॅकफर्सन या अमेरिकी अभियंत्याच्या नावाचा. त्यात स्प्रिंग आणि शॉकअप एकावर एक, आणि चाक उभं धरायचं कामही तोच करतो. म्हणून पुढचा स्ट्रट काढला की अलाइनमेंट करावंच लागतं. पुढचे डावा आणि उजवा वेगळे असतात, ब्रेकच्या नळीचं ब्रॅकेट बघितलं की ओळखतात. मागचे सारखेच असतात, स्प्रिंग वेगळी आणि शॉकअप वेगळा.

दुसऱ्या वेळेला आरसी बुक घेऊन अधिकृत वितरकाकडे गेले. चॅसिस नंबर दिला, त्यांनी यादीत काढून पुढचा डावा, पुढचा उजवा, मागचा असे तीन नंबर लिहून दिले. जुन्या शॉकअपवर कोरलेल्या नंबराशी काकांनी ताडून पाहिले आणि मगच पैसे दिले. गाडी कंपनीच्या मूळ पार्टच्या जोडीला गॅब्रिएल, मनरो ही नावं सहज मिळतात. मी गॅब्रिएल घेतले. 1961 पासूनची कंपनी, चाकण आणि नाशिकला कारखाने, आणि माझ्या गाडीच्या नंबराचा माल समोर शिल्लक होता. खोक्यावरचं सील, छापलेला नंबर आणि नळीवरचा नंबर तिन्ही जुळतात का बघा आणि पक्कं बिल घ्या. रंग मारून नवे केलेले जुने शॉकअप बाजारात फिरतात. अशा शॉकअपच्या रॉडवर उजेडात ओरखडे दिसतात, नव्याचा रॉड आरशासारखा असतो.

खर्च असा झाला: पुढचे दोन 4,900, मागचे दोन 2,700, माउंटिंग, बेअरिंग, बंप स्टॉप (शॉकअप पूर्ण दबला तर धक्का झेलणारा ठोकळा) आणि रबरी बूट (रॉडवरचं आवरण) मिळून 2,600, मजुरी 2,200, अलाइनमेंट 600. एकूण 13,000 रुपये. त्यातल्या 2,600 वर मी आधी हरकत घेतली होती. आता कुणी विचारलं तर तेच पैसे आधी घाला म्हणेन. जुनं माउंटिंगचं रबर काकांनी अंगठ्याने दाबून दाखवलं, भाकरीच्या पापुद्र्यासारखं सुटलं. त्यावर नवा स्ट्रट बसवला असता तर पुन्हा खडखड, आणि मी शॉकअपला दोष दिला असता. बंप स्टॉप तर डाव्या बाजूला शिल्लकच नव्हता, नुसता चुरा.

बसवताना मी जवळ उभी होते. काकांनी जुना शॉकअप उभा धरून रॉड दाबला, तो नुसता आत गेला आणि तिथेच राहिला. नवा दाबला तर त्यांना खांद्याचं वजन टाकावं लागलं, आणि सोडल्यावर तो हळूहळू, एकाच वेगाने वर आला. उभा धरून चार-पाच वेळा असा दाबून सोडला, आतली हवा निघावी म्हणून. मला सगळ्यात पटलेली गोष्ट हीच, चार मिनिटांत कुणालाही फरक कळेल. आणखी एक बघण्यासारखं होतं. वरचा नट आवळताना रॉड फिरतो, तेव्हा पकडीने रॉड धरायचा नाही. क्रोमवर एक ओरखडा पडला की तो सील कापत राहतो. काकांनी रॉडच्या टोकाला पाना लावून धरला. ऑगस्टमध्ये दुसऱ्या गॅरेजमध्ये पकडच लावली होती, ते मी डोळ्यांनी पाहिलं होतं, फक्त तेव्हा कळलं नव्हतं. स्प्रिंग दाबायचं काम मात्र घरी करू नका, दाबलेली स्प्रिंग सुटली तर माणसाला इजा करते.

आता वापराचं. पहिले चार-पाचशे किलोमीटर गाडी कडक वाटली. शहरात तीसच्या वेगाला बारीक खड्डे जास्त जाणवले, आई म्हणाली, "आधी पाळण्यासारखी होती की गं." पण कोयनानगर सोडून घाट लागला आणि तीच म्हणाली की आज मळमळलं नाही. आता गाडी गतिरोधकावरून एकदाच खाली जाते आणि तिथेच थांबते. उतारावर ब्रेक दाबला की चारही चाकं एकदम जमिनीला बसल्यासारखी वाटतात. मागे डिकीत कोकमाच्या आगळाची बरणी असते, आधी प्रत्येक वेळी झाकणाखालून सांडायची, आता नाही. टायर नवे टाकले होते, 13,800 किलोमीटरनंतर तळहात सरळ फिरतो.

एक त्रास झाला. तिसऱ्या आठवड्यात मागून कुरकुर सुरू झाली, सकाळी थंडीत जास्त. मागचे शॉकअप गाडी जॅकवर असताना, चाकं लोंबकळत असतानाच पूर्ण आवळले गेले होते. गाडी खाली आली की रबरी बुश कायम पिळलेला राहतो. चाकं जमिनीवर ठेवून बोल्ट सैल केले, गाडी दोनदा दाबली, परत आवळले. कुरकुर गेली. तुमच्याकडे बसवत असतील तर शेवटचं आवळणं गाडी जमिनीवर असताना करायला सांगा.

चारही एकदम बदलायची गरज आहे का? माझे मागचेही 92,000 चाललेले होते म्हणून बदलले. पुढचे दोन किंवा मागचे दोन मात्र जोडीनेच बदलावेत. एक नवा, एक जुना असला तर ब्रेक मारताना गाडी एका बाजूला ओढायला लागते आणि घाटात ते नको.

गेल्या आठवड्यात पावसाची माती धुवून काकांनी परत टॉर्च मारला. चारही नळ्या कोरड्या, पुढच्या उजव्या बाजूचा बूट खालून थोडा सरकला होता, तो वर ओढून बसवला. आता 20,000 किलोमीटरला माउंटिंग तपासायचं ठरलं आहे. दिवाळीत घाट आहेच.