‘एन-रोड्स’: विद्यार्थी संघटनांच्या उपयोगाचे हवामान-प्रतिमान

विद्यार्थी संघटनेत उत्साहाने आलेली मुले वृक्षारोपण आणि जनजागृती फेरी पार पडली की हळूहळू गळू लागतात, कारण पुढे काय करायचे हे त्यांना कोणी सांगत नाही. ही पोकळी भरून काढणारे ‘एन-रोड्स’ हे संगणकीय प्रतिमान (मॉडेल) ‘क्लायमेट इंटरॅक्टिव्ह’ या संस्थेने अमेरिकेतील एमआयटी विद्यापीठाची ‘स्लोन’ ही व्यवस्थापन शाखा आणि व्हेन्टाना सिस्टिम्स ही कंपनी यांच्यासह तयार केले असून ते ब्राउझरमध्ये विनामूल्य चालते.

कोळसा, वाहतूक, जंगलतोड, शेती अशा विषयांचे स्लायडर सरकवले की २१०० सालच्या जागतिक तापमानवाढीचा आकडा तत्काळ बदलतो. धोरणे आहेत तशीच राहिली तर तो ३ अंश सेल्सिअसच्या वर दिसतो, आणि २०१५ च्या पॅरिस कराराने तर वाढ २ अंशांच्या बरीच खाली रोखण्याचे ठरवले आहे. विद्यार्थी बहुधा प्रथम झाडे लावण्याकडे वळतात. परंतु रोपे वाढून पुरेसा कार्बन शोषू लागेपर्यंत काही दशके जातात आणि तोवर उत्सर्जन चालूच राहते, त्यामुळे तो स्लायडर टोकाला नेला तरी आकडा जेमतेम हलतो. अणुऊर्जा स्वस्त केली तर ती कोळशाबरोबर सौर आणि पवन ऊर्जेलाही मागे सारते. कार्बन उत्सर्जनावर भरभक्कम किंमत आकारली की मात्र आलेख ठळकपणे खाली येतो, आणि मग ही किंमत कोणी सोसायची यावरून खरा वाद पेटतो.

माझ्या मते या वादातच साधनाचे मोल आहे. या प्रतिमानासोबत खेळायच्या भूमिकानाट्यात सरकारे, पारंपरिक ऊर्जा उद्योग, स्वच्छ तंत्रज्ञान कंपन्या, शेती व वनक्षेत्र, हवामान न्यायाचे कार्यकर्ते असे गट वाटाघाटी करतात. वर्गात शिक्षकांकडे उत्तर असणार असे गृहीत धरले जाते. संघटनेत एखाद्या ज्येष्ठ विद्यार्थ्याने सूत्रे हाती घेतली, तर सगळे मोकळेपणाने भांडतात. तेल कंपनीची बाजू आवर्जून सर्वांत कळकळीच्या कार्यकर्त्याकडे द्यावी.

उणिवाही आहेत. आलेखांची गर्दी लहान मुलांना झेपणारी नाही, म्हणून नववीच्या पुढचेच विद्यार्थी घ्यावेत. प्रतिमान जागतिक असल्याने आपल्या शाळेने काय करावे हे ते सांगत नाही. त्यासाठी इमारतीचा वीजवापर मोजण्यासारखे एखादे काम त्याच बैठकीत, नावानिशी वाटून घ्यावे लागते. स्लायडर सरकवून तयार केलेले भविष्याचे चित्र दुव्याच्या (लिंकच्या) रूपात जतन करता येते, त्यामुळे दोन गटांचे निर्णय पुढच्या बैठकीत शेजारी ठेवून तपासता येतात.