वाड्यातली खोली की पाणवठा?

नाशिकमधल्या तरुण चित्रकारांना विक्रीच्या गॅलरीबाहेर काही उभं करायचं असेल, तर दोन वाटा दिसतात.

पहिली वाट खोलीची. चौघा-पाचजणांनी भाडं वाटून जुन्या नाशकातल्या एखाद्या वाड्यात जागा घ्यायची. तिथे काम करायचं आणि एकमेकांचं काम निर्दयपणे बघायचं. दिल्लीची 'खोज' ही कलाकारांची संस्था १९९७ साली कलाकारांच्या कार्यशाळेतूनच सुरू झाली, दिल्लीच्या खिडकी एक्स्टेंशन वस्तीतली जागा नंतर आली. ओळखी आधी, भिंती मागून, हा क्रम मला फार मोलाचा वाटतो. अर्थात, भाडं दर महिन्याला द्यावंच लागतं.

दुसरी वाट वस्तीची. चित्रकार-शिल्पकार नवजोत अल्ताफ यांनी छत्तीसगडच्या बस्तरमध्ये, कोंडागावात, स्थानिक आदिवासी कलाकारांबरोबर 'नलपार' उभे केले. हातपंपाभोवतीची जागा अशी घडवली, की भरलेला हंडा मधल्या उंचीवर टेकवून उचलता यावा आणि सांडपाणी साचू नये. शिल्प रोज वापरात राहिलं. आपल्या जिल्ह्यातल्या पेठ-सुरगाण्यात उन्हाळ्यात बायका पाण्यासाठी किती चालतात हे आपण जाणतो, मग असं काम इथे का होऊ नये? मात्र यात घाई चालत नाही. ग्रामपंचायत, बायकांचं म्हणणं, पंपाची दुरुस्ती, सगळ्यात वर्षं जातात. एका रविवारी भिंत रंगवून फोटो काढणं म्हणजे हे नव्हे.

नुकतं शिक्षण संपलेल्यांनी खोली घ्यावी, त्यांना आधी सोबत हवी. ज्यांचे हात आणि स्वभाव दोन्ही स्थिरावलेत, त्यांनी सुरगाण्याची एसटी पकडावी.