समुद्र, द्राक्षमळे आणि मोकळा रस्ता: लिगुरिया, लांगदोक की जिरोना?

भूमध्य समुद्राच्या काठाने रोड बाइक (डांबरी रस्त्यावरची, पातळ टायरची वेगवान सायकल) चालवायची, मोटारींचा जाच नको आणि जवळपास द्राक्षमळे हवेत, असं मनात असेल तर निवड बहुतेक तीन ठिकाणांवर येऊन थांबते: इटलीतल्या लिगुरियाचा पश्चिम किनारा, दक्षिण फ्रान्समधला लांगदोक आणि स्पेनच्या कॅटलोनियातला जिरोना परिसर. जाहिरातींत समुद्र, वाइन आणि रिकामा रस्ता एकाच फोटोत दिसतात. प्रत्यक्षात ही तिन्ही सुखं एकत्र फार थोड्या किलोमीटरांपुरती मिळतात. यांतलं कोणतं एक सोडायची तुमची तयारी आहे ते आधी ठरवा, म्हणजे ठिकाण निवडणं सोपं होईल.

आणखी एक गोष्ट आधीच स्पष्ट असलेली बरी. ट्रॅफिक नसलेला रस्ता दोन प्रकारचा असतो. एक म्हणजे मोटारींना बंदीच असलेला मार्ग, जो बहुधा जुन्या रेल्वेच्या जागेवर किंवा कालव्याच्या काठाने जातो. दुसरा म्हणजे गावागावांना जोडणारा अरुंद डांबरी रस्ता, ज्यावर तासाभरात मोजक्या गाड्या भेटतात. मुलांना घेऊन जाणाऱ्याला पहिला हवा. रोड बाइकवर रोज सत्तर-ऐंशी किलोमीटर मारणाऱ्याला मात्र दुसराच जास्त मानवतो, असं माझं ठाम मत आहे.

लिगुरियापासून सुरुवात करू, कारण ते समजायला सर्वांत सोपं आहे. व्हेंटिमिलिया ते जिनोआ ही रेल्वे 1872 पासून समुद्राला अगदी खेटून धावत होती. 2001 मध्ये ओस्पेदालेत्ती ते सान लोरेन्झो अल मारे हा टप्पा डोंगरात आत हलवला गेला आणि रूळ काढलेल्या जागेवर सुमारे 24 किलोमीटरचा डांबरी सायकल मार्ग झाला. रेल्वेची वाट असल्यामुळे चढ जवळजवळ नाही, समुद्र सतत बाजूला आणि मोटार एकही नाही. जिरो दि'इतालिया या इटलीतल्या मोठ्या सायकल शर्यतीचा 2015 मधला पहिला टप्पा, सांघिक टाइम ट्रायल (संघ एकेक करून घड्याळाविरुद्ध धावतात तो प्रकार), याच मार्गावर सान लोरेन्झो ते सानरेमो असा झाला होता.

ओस्पेदालेत्ती आणि सानरेमोच्या मध्ये कापो नेरोचा लांबलचक बोगदा आहे. बाहेरच्या उन्हातून आत शिरलं की अंगावर एकदम गार हवा येते, आणि भिंतींवर मिलान–सानरेमो शर्यतीचा इतिहास वाचत पुढे जाता येतं. 1907 पासून चालत आलेल्या या शर्यतीचे शेवटचे दोन प्रसिद्ध चढ, चिप्रेस्सा आणि पोज्जो, याच सायकल मार्गाच्या डोक्यावर आहेत. दोन्ही चढ घाटाच्या मानाने सौम्य आहेत, सरासरी चार टक्क्यांच्या आसपास. सकाळी लवकर हे दोन चढ करून खाली सायकल मार्गावर उतरायचं, असा बेत फार छान जमतो.

अडचण अशी की हा मार्ग लोकप्रिय आहे आणि तो सगळ्यांचा आहे. सुट्टीच्या दिवशी चालणारे, स्केटिंगवाले, चार चाकांच्या पेडल-गाड्यांत बसलेली कुटुंबं अशी सगळी गर्दी असते. तिथे ताशी तीस किलोमीटरने सायकल हाणणं चुकीचंच आहे. वाइनही मार्गावर दिसत नाही. काठावर दिसतात ती फुलांची काचघरं आणि वर ताज्जास्का जातीचे ऑलिव्ह. रोस्सेसे ही इथली लाल वाइन पाहायची तर नेर्व्हिया खोऱ्यात दोल्चेआक्वापर्यंत आत जावं लागतं, आणि त्यासाठी मोटारींच्या रस्त्यावर यावं लागतं. थोडक्यात, इथे समुद्र आणि मोकळा रस्ता पुरेपूर आहे, द्राक्षमळे मात्र नाहीत. एक मोठी जमेची बाजू म्हणजे मागचे डोंगर थंड वारे अडवतात, त्यामुळे फेब्रुवारी-मार्चमध्येही इथे सुखाने सायकल चालवता येते. शाकाहारी माणसाची पोटाची सोयही इथे उत्तम होते: फोकाच्चा हा ऑलिव्ह तेलातला चपटा पाव तर आहेच, शिवाय फारिनाता म्हणजे चण्याच्या पिठाचं, भट्टीत भाजलेलं जाडसर धिरडंच.

लांगदोकमध्ये मात्र तिन्ही गोष्टी एका रेषेत येतात, पण जेमतेम डझनभर किलोमीटर. सेत ते मार्सेयां-प्लाज ही वाळूची चिंचोळी पट्टी आहे. एका बाजूला भूमध्य समुद्र, दुसऱ्या बाजूला एतां द तो हे खाऱ्या पाण्याचं मोठं सरोवर. पूर्वी मोटारींचा रस्ता अगदी पुळणीवरून जायचा. किनाऱ्याची धूप वाढल्यावर तो मागे सरकवला आणि सायकलींना स्वतंत्र मार्ग मिळाला. या पट्टीवर वाळूतच द्राक्षवेली लावलेल्या आहेत. एकोणिसाव्या शतकात फिलॉक्सेरा नावाच्या किडीने युरोपभरच्या बागा मारल्या, तेव्हा वाळूतल्या बागा वाचल्या, कारण ही कीड वाळूत जगत नाही. सायकलवरून उजवीकडे वेली आणि डावीकडे लाटा पाहताना हे माहीत असलं की त्या बुटक्या वेलींकडे वेगळ्या आदराने पाहिलं जातं. सरोवराच्या पलीकडच्या उतारांवर पिकपूल द पिने ही पांढरी वाइन होते आणि बुझिग गावच्या ऑयस्टरबरोबर (कालव या शिंपल्यांबरोबर) ती पितात.

मग लोक म्हणतात, पुढे कनाल दु मिदीच्या काठाने जाऊ. तुलूझपासून या सरोवरापर्यंत 240 किलोमीटरचा हा कालवा पिएर-पॉल रिके यांनी सतराव्या शतकात, 1666 ते 1681 मध्ये बांधवला. 1996 पासून तो जागतिक वारसा आहे. बेझिएजवळ फोन्सेरानला लॉकगेटांची (पाण्याची पातळी बदलून बोटी वर-खाली नेणाऱ्या दरवाजांची) जी उतरंड आहे ती जरूर पाहावी. पण पातळ टायरची रोड बाइक घेऊन सबंध कालवा करायचा विचार सोडून द्या. बेझिएहून समुद्राकडे येणारा भाग बराच पक्का आहे. वरच्या अंगाला मात्र कित्येक ठिकाणी ती निव्वळ पायवाट आहे आणि प्लेन झाडांच्या मुळांनी जमीन उचललेली आहे. दर चार हातांवर चाकाला धक्का बसतो, मनगटं भरून येतात आणि नजर पाण्याकडे न जाता सतत पुढच्या मुळावर खिळते. त्यातच 2006 पासून एका बुरशीच्या रोगामुळे ही जुनी झाडं हजारोंनी तोडावी लागली आहेत, त्यामुळे फोटोतली सावली सगळीकडे मिळेलच असं नाही. कालवा करायचाच तर ग्रॅव्हल बाइक (कच्च्या वाटेसाठीची, जाड टायरची सायकल) घ्या. रोड बाइकवाल्याने बेझिएच्या उत्तरेला फोजेर आणि सँ-शिनियांच्या द्राक्षमळ्यांतले लहान रस्ते धरावेत. इथे सपाटी संपते, टेकड्या लागतात आणि गाड्या खरोखर विरळ होतात.

लांगदोकचा खरा शत्रू वारा. वायव्येकडून येणारी त्रामोंतान सुटली की सपाट रस्तासुद्धा चढासारखा अंगावर येतो. अशा दिवशी जाताना वाऱ्याच्या तोंडावर जा आणि परतताना त्याला पाठीशी घ्या.

आता जिरोना. व्यावसायिक सायकलपटू वर्षानुवर्षं इथे घर करून राहतात ते उगीच नाही. गावातून बाहेर पडताच गव्हारेस टेकड्यांतले अरुंद रस्ते सुरू होतात. एल्स आंजल्सचा चढ चढून (वरच्या देवळात 1958 मध्ये चित्रकार साल्वादोर दाली आणि गाला यांचं लग्न लागलं) पलीकडे मादरेमान्या, मोनेल्स, मग पाल्सकडे उतरलं की दगडी गावं आणि शेतं यांच्यामधून दिवसभर फिरता येतं. स्पेनमध्ये सायकलला ओलांडताना दीड मीटर अंतर सोडणं बंधनकारक आहे आणि या भागातले चालक ते पाळतात. भारतातल्या रस्त्यांची सवय असलेल्याला हे अनुभवताना पहिले दोन दिवस विश्वास बसत नाही. गावाबाहेर हेल्मेट सक्तीचं आहे, हे लक्षात असू द्या.

मोटारबंदीचा मार्गही आहे. जिरोना ते सान्त फेलिऊ दे गिशोल्स ही नॅरो गेज रेल्वे 1892 ते 1969 चालली. तिच्या जागेवर सुमारे 40 किलोमीटरची वाट आहे. ल्यागोस्तेरापर्यंत हलका चढ, मग समुद्रापर्यंत उतार. पण ही वाट डांबरी नाही, दाबलेल्या मुरुमाची आहे. कोरड्या दिवसांत 32 मिमीचे टायर आरामात चालतात, पावसानंतर तीच बारीक वाळू चेनमध्ये शिरून करकरते. वाटेत लागतात ती कॉर्क ओकची (ज्याच्या सालीपासून बाटल्यांची बुचं होतात त्या झाडाची) गावं, द्राक्षमळे नव्हेत. एम्पोर्दा या इथल्या वाइन प्रदेशाचे खरे मळे फिगेरेसच्या उत्तरेला, गारिगेया आणि एस्पोल्याच्या बाजूला आहेत. त्यासाठी सायकल घेऊन लोकल गाडीने विलाजुइगाला उतरावं आणि तिथून सुरुवात करावी. इथे त्रामुन्ताना हा उत्तरेचा वारा आहे, आणि तो लांगदोकच्या वाऱ्याइतकाच जोरदार असतो.

माझं मत सांगतो. घरच्यांना, विशेषतः मुलांना घेऊन जाणार असाल तर लिगुरिया, यात दुसरा विचार नको. सायकलपेक्षा वाइन आणि निवांतपणा महत्त्वाचा असेल तर लांगदोक. आणि सायकल हेच मुख्य कारण असेल तर जिरोना. चांगली कार्बन रोड बाइक भाड्याने मिळण्याची खात्रीही तिथेच सर्वांत जास्त, म्हणजे मुंबईहून सायकलचा खोका वाहून न्यायला नको. दोन आठवडे हातात असतील तर जिरोना आणि लांगदोक जोडा: पोर्तबोऊहून सीमा ओलांडली की बान्युल्सला द्राक्षाच्या पायऱ्या थेट समुद्रावर उतरतात. तो किनारी रस्ता मोटारींचा आहे, म्हणून सकाळीच गाठा.

आपल्या मे महिन्याच्या सुट्टीत तिन्ही ठिकाणी हवा छान असते. जुलै-ऑगस्ट टाळा: ऊन फार आणि किनाऱ्यावर पाय ठेवायला जागा नसते. द्राक्षतोडणी पाहायची असेल तर सप्टेंबर गाठावा लागतो. तिन्ही देश शेंगेनमध्ये आहेत, एक व्हिसा पुरतो. अर्ज जिथे सर्वांत जास्त दिवस राहणार त्या देशाकडे करायचा. आणि मद्याचे नियम या तिन्ही देशांत सायकलस्वारालाही लागू आहेत, तेव्हा वाइनची चव दिवसाचा शेवटचा किलोमीटर संपल्यावरच घ्या. आवडलेली बाटली मुक्कामावर पाठवायची सोय आहे का, हे वायनरीत विचारून घ्या.