पेज पूल: एकदा मॅप केलेलं पेज पुन्हा पुन्हा

नेटवर्क ड्रायव्हर लिहिणाऱ्या प्रत्येकाला लिनक्स कर्नलमधला पेज पूल, म्हणजे आलेली पॅकेटं ठेवायची मेमरीची पेजं पुन्हा वापरण्यासाठी सांभाळणारा साठा, मी मनापासून सुचवेन. 2018 मध्ये 4.18 आवृत्तीत तो आला. रिसीव्ह बाजूचा नवा कोड मी आता त्याच्याशिवाय लिहायला घेत नाही.

पूर्वी दर पॅकेटला तेच रहाटगाडगं: पेज मागा, डीएमएसाठी (कार्डाला मेमरीत थेट लिहिता यावं म्हणून) मॅप करा, कार्डाला पत्ता द्या, डेटा आला की अनमॅप करून पेज कर्नलच्या नेटवर्क स्टॅककडे सोपवा. आयओएमएमयू (डिव्हाइसने वापरलेले मेमरी पत्ते भाषांतरित करणारं हार्डवेअर) बंद असेल तर हे खपून जातं. चालू असला की प्रत्येक अनमॅपमागे आयओटीएलबीतली (त्या भाषांतरांच्या कॅशेतली) जुनी नोंदही काढावी लागते, आणि परफ हे वेळ मोजायचं साधन लावून पाहिलं की कोअरचा कितीतरी वेळ या मॅप-अनमॅपमध्येच जाताना दिसतो.

पेज पूल बनवताना मॅपिंगचा फ्लॅग दिला की पेज आत येताना एकदाच मॅप होतं आणि पूल सोडेपर्यंत तसंच राहतं. नॅपीच्या (कर्नलची पॅकेटं गटाने उचलायची पद्धत) पोलमध्येच मोकळं झालेलं पेज 128 जागांच्या छोट्या कॅशेत जातं, तेही लॉक न घेता; दुसऱ्या कोअरवर सुटलेलं पेज रिंगमधून परत येतं. 5.14 पासून तर एसकेबीवर (कर्नलमधली पॅकेटची रचना) रीसायकलची खूण केली की स्टॅकने सोडलेलं पेजही आपसूक पूलमध्ये येतं. ही सोय मला सगळ्यात जास्त भावली.

मॅपिंग टिकलं तरी सिंक, म्हणजे सीपीयूची कॅशे आणि मेमरी जुळवणं, टळत नाही. डिव्हाइससाठीचं सिंक पूल करतो, पण कमाल लांबी आपण नीट द्यायची. 1500 बाइटचा एमटीयू (पॅकेटचा कमाल आकार) असताना 4096 बाइटचं अख्खं पेज सिंक करत बसलात, तर कॅशे कोहेरंट नसलेल्या (ही जुळवणी हार्डवेअर आपोआप करत नाही अशा) एआरएम बोर्डावर वेग चांगलाच मार खातो. सीपीयूसाठीचं सिंक मात्र ड्रायव्हरनेच करायचं.

माझी तक्रार पूल मोडण्याबद्दल आहे. एखाद्या प्रोग्रामने सॉकेट वाचलाच नाही, तर त्यातली पेजं बाहेरच अडकतात आणि पूल त्यांची वाट पाहत राहतो. लॉगमध्ये दर 60 सेकंदांनी इशारा येतो. डिव्हाइस निघून गेल्यावर अशी पेजं परत आली की अनमॅप करताना कर्नल कोसळू शकायचा. अलीकडच्या आवृत्त्यांत पूल मॅप केलेल्या पेजांची नोंद ठेवतो आणि मोडतानाच ती अनमॅप करतो, त्यामुळे जुन्या कर्नलवर हॉट-अनप्लग होणारं (चालू यंत्रातून काढता येणारं) कार्ड असेल तर आधी हा बदल बॅकपोर्ट करून (जुन्या आवृत्तीत आणून) घ्या.