व्यापाराची अट, व्हिसाबंदी की पर्यटनावर बहिष्कार?

हुकूमशाही राजवटीवर मानवी हक्कांसाठी दबाव आणणाऱ्या कोणत्या धोरणाला पाठिंबा द्यायचा, हे ठरवण्याआधी दोन गोष्टी पाहायला हव्यात: मागणी नेमकी काय आहे आणि झळ कुणाला बसणार आहे.

व्यापारी सवलतीला अट घालणं हा सर्वांत वजनदार मार्ग. १९७२ मध्ये सोव्हिएत संघाने देश सोडणाऱ्या सुशिक्षितांवर जबर कर बसवला. त्यात मुख्यतः ज्यू भरडले गेले. त्यावर अमेरिकेत जॅक्सन-व्हॅनिक दुरुस्ती आली आणि जानेवारी १९७५ मध्ये तिचा कायदा झाला: नागरिकांना बाहेर पडू न देणाऱ्या साम्यवादी देशाला आयातशुल्कात सवलत नाही. मॉस्कोने व्यापार करारच धुडकावला आणि त्या वर्षी बाहेर पडणाऱ्या ज्यूंची संख्या आणखी घटली. रुमानियाने मात्र सवलत घेतली. तिचा दरवर्षी फेरविचार व्हायचा, त्यामुळे लोकांना सोडत राहणं बुखारेस्टला भाग होतं. १९८८ मध्ये रुमानियाचा हुकूमशहा चाउशेस्कूने ती स्वतःहून नाकारली, पण तोवर बरेच जण सुटले होते. मागणी एकच होती आणि मोजता येत होती, म्हणून हे जमलं.

चीनबाबत नेमकं हेच हुकलं. मे १९९३ मध्ये अमेरिकी अध्यक्ष क्लिंटन यांनी सवलतीला हक्कांच्या अनेक अटी जोडल्या. वर्षभरात पुरेशी सुधारणा झाली नाही, तरीही मे १९९४ मध्ये त्या मागे घेतल्या. अशी धमकी न दिलेलीच बरी. राजवटीला त्यातून फक्त आपली किंमत कळते.

व्यक्तींवरची व्हिसाबंदी आणि मालमत्ता गोठवणं यात सामान्य कामगाराची रोजी जात नाही, म्हणून माझा कल इकडे. करघोटाळा उघड करणारे सर्गेई मॅग्नित्स्की २००९ मध्ये मॉस्कोत कोठडीत मरण पावले. अशी व्हिसाबंदी आणि गोठवणूक आणणारा, त्यांच्या नावाचा अमेरिकी कायदा २०१२ चा. त्याच कायद्याने रशियापुरती जॅक्सन-व्हॅनिकची अट उठली. रशियाने उत्तरादाखल अमेरिकनांना रशियन मुलं दत्तक घ्यायला बंदी केली. झळ शेवटी अनाथ मुलांना बसली, हे विसरता येत नाही. राजवटही यातून बदलत नाही.

पर्यटनावरचा बहिष्कार सर्वांत बोथट, कारण खानावळवाला आणि लष्करशहा दोघांवर तो सारखाच पडतो. म्यानमारमध्ये त्याला वजन होतं, कारण हाक आतून, लष्करी राजवटीला विरोध करणाऱ्या आंग सान स्यू ची यांच्या पक्षाकडून आली होती. २०११ मध्ये त्याच पक्षाने एकेकट्या प्रवाशांचं स्वागत केलं, मोठ्या सहलींना मात्र नकोच म्हटलं. अशी हाक आतून नसेल, तर प्रवाशाने खुशाल जावं. मुक्कामाचे पैसे कुणाच्या खिशात जातात, एवढं आधी शोधावं.